म्हणासाहेब

आमच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर आता एक नवीन मुलगी आली आहे. स्वभावानं चांगली आहे, हातही चपळ आहे. चिठ्ठी घेते, गोळ्या काढते, पाकिटावर पेनानं खुणा करते आणि खिडकीतून सरकवते. जेवणाच्या सुट्टीआधीच रांग संपते. म्हातारी माणसं खूश आहेत. मी फरशी पुसत त्या खिडकीसमोर आले की मला तिथली शांतता जाणवते. इंगवले साहेब होते तेव्हा तिथे दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी म्हणत असायचं.

आमचा दवाखाना जळगावातला, फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांचा. ते येतात, त्यांच्या बायका येतात, आणि माझ्यासारख्या, ज्यांच्या घरचे गेले, त्याही येतात. आमच्या घरचे गेल्यावर मला इथं अटेंडंट म्हणून घेतलं. बायकांना डॉक्टरांच्या खोलीत न्यायचं, चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवायच्या, साफसफाई बघायची. मी चौथी शिकलेली. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही. चिठ्ठ्या पोचवायला तोंड लागत नाही, म्हणून काम जमलं.

इंगवले साहेब औषधविभाग सांभाळायचे. ते साताऱ्याकडचे. फौजेतही त्यांनी औषधांचंच काम केलेलं. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली, एवढंच मला माहीत. उंच होते, आणि खिडकी बुटकी, त्यामुळे सारखं वाकून त्यांची मान पुढे आलेली. रस्त्यानं चालतानाही ते खिडकीतून बघत असल्यासारखे चालायचे. गोळ्यांचं पाकीट कधी हातानं फाडायचे नाहीत, कात्रीनं कापायचे, आणि औषधाचं नाव आणि तारीख असलेला तुकडा पेशंटकडेच राहील असं बघायचे. दुपारी एकटे बसून भाकरी खायचे. आमच्याकडची शेवभाजी त्यांना एकदा कोणीतरी दिली, तर वाटीत बघून म्हणाले, "हे भाजीत तेल आहे की तेलात भाजी?" हा त्यांचा विनोद. वर्षाकाठी असे दोन-तीन व्हायचे.

त्यांचं एक वाक्य होतं. "कपाटात असतं तोवर ते औषध नसतं ताई, माल असतो." औषध कधी होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मला पुढे बघून बघून कळलं.

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी ते दोनदा वाचायचे. मागच्या वेळची काढून शेजारी ठेवायचे. कधीकधी चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणायचे, "डॉक्टरांना दाखवून आणा. म्हणावं, या दोन गोळ्या एका पोटात नांदत नाहीत." मी डॉक्टरांच्या दाराशी नुसती उभी राहिले तरी डॉक्टर ओळखायचे. "काय मंगलबाई, आज कोणाचं कोणाशी पटत नाही?" मी चिठ्ठीवर बोट ठेवायची. डॉक्टर कधी खोडून दुसरी गोळी लिहायचे, कधी "चालेल, द्या" असं लिहून परत पाठवायचे. मग इंगवले साहेब द्यायचे. त्यांचं म्हणणं खरं व्हायचं का डॉक्टरांचं, ते मला काय कळणार. पण विचारल्याशिवाय ते सोडायचे नाहीत.

आधी मात्र ते 'म्हणासाहेब' नव्हते. ते झाले सुपडाबाईमुळे.

सुपडाबाई धरणगावाजवळच्या एका खेड्यातली. तिचा नवरा हवालदार होता, वारलेला. तिचं बीपी फार वाढलं म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. इंगवले साहेबांनी पाकिटं तिच्या हातात दिली आणि सांगितलं, "रोज सकाळी एक." तिनं मान हलवली. महिन्यानं ती पुढच्या गोळ्या न्यायला आली. बीपी आधीपेक्षा जास्त. साहेबांनी विचारलं, "गोळ्या संपल्या ना सगळ्या?" तिनं पिशवीतून पाकिटं काढून खिडकीवर ठेवली. एकही गोळी काढलेली नव्हती.

"हे काय? खाल्ल्या नाहीत?"

"कश्या खाऊ भाऊ? सकायन्या गोया शेतस ना त्या!"

साहेबांना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या बोलीत सकाय म्हणजे उद्या. सकाळलाही तोच शब्द चालतो, पण आधी मनात येतो तो उद्याच. म्हातारी बिचारी सांगत होती, "मी रोज उठस, म्हनस, आज ते आज शे. सकाय कोठे उनी?" मी रोज उठते, पण आज तर आजच असतो, उद्या कुठे आलाय?

रांगेतली माणसं हसून हसून वाकली. एक जण म्हणाला, "बुढीनी सरकारले सुद्धा हराई दिधं!" डॉक्टर बाहेर आले, तेही हसले. सुपडाबाईही सगळे हसतात म्हणून हसली. मीही पदर तोंडाला लावला. इंगवले साहेब एकटे हसले नाहीत. त्यांनी मला आत बोलावून हळू विचारलं, "मग तुमच्याकडे सकाळला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "तोंड धुतलं की, असं सांगा." त्यांनी तिला तसं सांगितलं. तिला लगेच पटलं. "आसं सांगं ना मंग!" असं म्हणून ती गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. पावसाळ्याच्या आत ती वारली. डॉक्टर इंगवले साहेबांना म्हणाले, "तिचं वय बघा. गोळ्या घेतल्या असत्या तरी झालं असतं." साहेब म्हणाले, "झालंही असतं." पण त्यांच्या तोंडून 'सकाळ' हा शब्द मी त्यानंतर एकदाच ऐकला. मला भेटले तरी "चहा झाला का" एवढंच विचारायचे.

आणि तेव्हापासून ते सुरू झालं. औषध खिडकीवर ठेवायचं, त्यावर हात ठेवायचा, सगळं सांगायचं, आणि मग म्हणायचं, "आता तुम्ही म्हणा."

"काय म्हनू?"

"ही गोळी कधी घेणार, कशी घेणार, ते तुमच्या भाषेत म्हणा. मला तुमची भाषा येत नाही, पण मी शिकतोय."

माणूस म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही. कोणी "हो हो, समजलं" म्हटलं तर ते चिडायचे. "समजलं या शब्दाइतका खोटा शब्द नाही. सुपडाबाईला समजलं, असं मीही म्हणत होतो." अहिराणी शिकले, तीही गोळ्यांपुरती. "उपाशीपोटी" ऐवजी काय, "जेवल्यावर" ऐवजी काय, ते मला विचारून ठेवायचे. साताऱ्याच्या तोंडून "जेवन करीसन" ऐकून बायका तोंड फिरवून हसायच्या. पण घोकून यायच्या आणि म्हणून दाखवायच्या.

सगळ्यांना ते रुचलं असं नाही. रावेरकडचे एक सुभेदार होते, केळीचे मोठे बागाईतदार. मिशा पांढऱ्या, पण अजून पिळलेल्या. साहेबांनी "म्हणा" म्हटल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी चाळीस जवानांना हुकूम दिलेत. मला पाढे म्हणायला लावतोस?"

"सुभेदार साहेब, हुकूम मिळाल्यावर तो परत म्हणून दाखवायची पद्धत फौजेतलीच आहे ना?"

सुभेदार चिठ्ठी टाकून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. खिडकीसमोर ताठ उभे राहिले आणि हॉल दणाणेल अशा आवाजात म्हणाले, "गोळी लाल, एक! जेवणानंतर! चावायची नाही! सर!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी हात उचलला आणि सलाम केला. त्यानंतर सुभेदार आले की रांगेतले लोक बाजूला होऊन त्यांचं म्हणणं ऐकायचे.

दर गुरुवारी पिशवी. घरात जे काही औषध असेल ते सगळं पिशवीत घालून आणायचं, असा त्यांनी नियम केला होता. मी टेबलावर जुनी चादर अंथरायची. एकदा धरणगावचे महादूआबा भली मोठी पिशवी घेऊन आले. "बठ्ठं लई उनू साहेब," म्हणजे सगळं घेऊन आलो, असं म्हणाले आणि पिशवी उपडी केली. त्यात बायकोच्या गोळ्या, डोळ्यांच्या औषधाची वाळलेली बाटली, कुठल्याशा वैदूचं चूर्ण. आणि तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या नावांनी दिलेली बीपीची एकच गोळी. आबा तिन्ही घेत होते, आणि चक्कर का येते म्हणून चौथ्या डॉक्टरकडे जायच्या बेतात होते. सगळ्यात खाली एक जाडजूड गोळी निघाली, अर्धी.

"ही कशाची?"

"ती म्हैसनी शे."

"अर्धी कुठे गेली?"

आबा जरा थांबले. "म्हैसले लागू पडनी व्हती. म्हनं, माले बी पडी."

त्या वेळी साहेब हसले. हसता हसता खुर्चीवर बसले, चष्मा काढला, आणि मग चष्मा हातात तसाच धरून त्या अर्ध्या गोळीकडे बघत बसले. आबा घाबरून गेले. "काय व्हई ते सांगी द्या," म्हणाले. साहेब म्हणाले, "काही नाही आबा. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. न सांगणारे किती असतील, तो विचार करत होतो."

माझी शुगर निघाली तेव्हा मीही रांगेत उभी राहिले. कामाच्या जागीच, ओळखीची माणसं, तरी खिडकीशी आल्यावर माझं तोंड उघडेना. साहेबांचा हात गोळ्यांवर. "म्हणा ताई." मागे माणसं खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "बाई मुकी शे का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं, दार उघडून मला आत घेतलं, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत नाही. त्या खोक्यांना सांगा." मी औषधांच्या खोक्यांकडे बघून सगळं म्हटलं. एक शब्द चुकला, तो त्यांनी पाठमोऱ्यानंच दुरुस्त केला. बाहेर रांग ओरडत होती. ते काही घाईत नव्हते.

पण घाई दुसऱ्यांना होती, आणि तीही खोटी नव्हती. चाळीसगावची माणसं गाडीनं यायची, परतीची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टेशनवर बसायची. रांग दुपार उलटली तरी हलायची नाही. लोक त्यांना तोंडावर 'म्हणासाहेब' म्हणायचे, आणि पाठीमागे त्याहून वाईट. मे महिन्यात चाळीसगावचे एक नाना त्या रांगेत उभ्या उभ्या कोसळले. डोकं फरशीवर आपटलं, टाके पडले. रक्त मीच पुसलं. साहेब खिडकीतून बाहेर आले, त्यांच्या डोक्याखाली हात धरून बसले, तर नानांचा मुलगा म्हणाला, "तुमच्यामुळेच झालं हे. गोळ्या द्यायच्या तर द्या ना, शाळा कशाला भरवता?"

नाना बरे झाले. पण मुलानं लेखी तक्रार केली, आणि त्याच्यामागे आणखी तक्रारी आल्या. त्यानंतर साहेबांनी स्वतःचं स्टूल रांगेत नेऊन ठेवलं. दवाखान्यासाठी बाक मागितले. ते यायचे तेव्हा येतील असं उत्तर मिळालं.

आमच्याकडे सगळ्यांचीच नोकरी वर्षावर असते. वर्ष संपलं की कागद पुढे जातो, सही झाली की आणखी एक वर्ष. त्या वर्षी दवाखान्याचे प्रमुख कर्नल साहेब यांनी इंगवले साहेबांना बोलावलं. मी चहा घेऊन गेले होते, आणि कोणी जा म्हटलं नाही म्हणून दाराशी उभी राहिले.

कर्नल साहेब वाईट माणूस नव्हते. ते समजुतीनं बोलत होते. "इंगवले, माणसं औषध घ्यायला येतात, परीक्षा द्यायला नाही."

"परीक्षा त्यांची नसते सर."

"मग कोणाची?"

"माझी. मी सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलं का, ते त्यांच्या तोंडूनच कळतं. दुसरा रस्ता मला सापडला नाही."

"आणि ते नाना? त्यांच्या टाक्यांचं काय?"

साहेबांनी मान खाली घातली.

"तुमच्या जोडीला दुसरा माणूस मी दोनदा मागितला," कर्नल साहेब म्हणाले. "मिळत नाही. एकटे आहात, तर एकट्याला झेपेल असं काम करा. हे म्हणून घेणं बंद करा. तुमचा कागद मला अडवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते बंद केलं. चिठ्ठी घेतली, गोळ्या दिल्या, एकदा सांगितलं, पुढचा. रांग सरसर पुढे गेली. लोकांना आश्चर्य वाटलं. एक म्हातारा तर गोळ्या हातात घेऊनही उभाच राहिला. "मी म्हनू नको का?" साहेब म्हणाले, "नको." तो खट्टू होऊन गेला.

दुपारी धुळ्याकडचे एक शिपाई आले, दम्याचे. त्यांना औषधाच्या कॅप्सूल होत्या आणि सोबत ओढायचं छोटं यंत्र. कॅप्सूल त्या यंत्रात घालायची, फिरवायची, आणि तोंडानं आत ओढायची. साहेबांनी सगळं सांगितलं. शिपाई म्हणाले, "समजनं." साहेबांचा हात औषधावर होता. त्यांनी तो उचलला. शिपाई गेले.

पुढच्या माणसाची चिठ्ठी साहेबांनी हातात घेतली, पण ते वाचत नव्हते. मग खिडकी तशीच टाकून ते बाहेर धावले. मला वाटलं त्यांनाच काही झालं, म्हणून मी मागे गेले. फाटकाबाहेर रिक्षाच्या सावलीत शिपाई बसले होते. यंत्र पिशवीत होतं. हातात पाण्याची बाटली. कॅप्सूल गिळून झाली होती.

"मोठी शे साहेब," शिपाई म्हणाले. "घशामा अटकस."

मला भीती वाटली. परत येताना मी विचारलं, "काही होईल का त्यांना?" साहेब म्हणाले, "काही होत नाही. पोटात जाते एवढंच. दम मात्र होता तसा राहतो. मग माणूस म्हणतो, सरकारी औषधात दम नाही." थोडं चालल्यावर म्हणाले, "आज सकाळपासून किती जणांना दिलं, ताई? त्यातलं कोण काय करत असेल?" त्यांच्या तोंडून तो टाळलेला 'सकाळ' शब्द निघून गेला, हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट खिडकीशी आला. साहेबांनी औषध ठेवलं, त्यावर हात ठेवला. आणि रांग पुन्हा थांबली.

कर्नल साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही. वर्ष संपलं, कागद आला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी फ्रिजमधली इन्शुलिन मोजून दिली, जुन्या तारखेचा माल वेगळा करून दाखवला, किल्ल्या दिल्या. रावेरचे सुभेदार केळीची फणी घेऊन आले होते. ती खिडकीवर ठेवून म्हणाले, "लढाई असती तर मी आलो असतो तुमच्या बाजूनं. ही कागदाची आहे. यात मला काही येत नाही." रांगेत मागे एक जण दुसऱ्याला म्हणाला, "सुटनूत रे बाबा." ते साहेबांनी ऐकलं. त्यांनी केळी उचलली आणि फाटकातून गेले. मला काही म्हणायचं होतं. पण मी माणसांत बोलत नाही.

मागच्या महिन्यात मी लेकीकडे धुळ्याला गेले होते. परतताना रिक्षा मोठ्या दवाखान्यासमोरच्या गर्दीत अडकली. समोर औषधांची दुकानं, एकाला एक लागून. एका दुकानात मालक काउंटरवर बसून गोळ्यांची नावं ओरडत होता. आतल्या बाजूला फळ्यांपुढे एक उंच माणूस ती नावं ऐकून पाकिटं काढून देत होता. इंगवले साहेब होते. गिऱ्हाइकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. बोलायचं ते मालक बोलत होता, आणि तेही पैसे मागण्यापुरतंच.

एक म्हातारी बाई पिशवी घेऊन पायरीवरून खाली उतरली. दोन पावलं गेली आणि थांबली. पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. जाणाऱ्या एका माणसाला तिनं ते दाखवलं. तो न थांबता पुढे गेला. तिनं परत दुकानाकडे वळून बघितलं, पण काउंटरपुढे इतकी माणसं होती की ती पुन्हा वर चढली नाही.

साहेबांचा एक हात वरच्या फळीवर होता, तोंड रस्त्याकडे. ते तिच्याकडे बघत होते. मालकानं औषधाचं नाव पुन्हा ओरडून सांगितलं. मग आणखी एकदा, चिडून. बाई पाकीट कमरेला खोचून गर्दीत शिरली. तिचं लुगडं दिसेनासं झालं, तेव्हा साहेबांनी मान वळवली आणि खोकं खाली काढलं.

माझी रिक्षा सुटली.